देवी कुणी घालवली? जागतिक आरोग्य संघटनेवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेली काही वर्षं एक मजकूर थोड्याफार फरकानं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘देवी (स्मॉलपॉक्स हा रोग) भारतानं स्वतः घालवली, श्रेय मात्र जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेनं लाटलं. ही संघटना नुसते कागद रंगवते. खरं तर स्वच्छता वाढली की रोग आपोआप जातात. आता हीच संघटना महासाथीचा करार करून देशांवर लॉकडाऊन आणि लससक्ती लादणार आहे. आणि तिचा सगळा पैसा मूठभर श्रीमंतांचा, म्हणून तिचा शब्द विकाऊ.’

यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, शेवटच्यात एक रास्त काळजी दडलेली आहे आणि मधली तपासायला घेतली की टिकत नाहीत. एकेक घेऊ.

‘देवी भारतानं स्वतः घालवली’

खरा अर्धा भाग आधी मोकळेपणानं मान्य करू. उन्हातान्हात घरोघर फिरले ते भारतीय लस टोचणारे, मलेरिया कार्यकर्ते आणि आरोग्य निरीक्षक. १९७३ नंतरच्या निर्णायक काळात संघटनेमार्फत भारतात आलेले साथरोगतज्ज्ञ तीसेक देशांतले, एकूण सव्वादोनशेच्या आसपास. भारतीय कर्मचारी हजारोंच्या संख्येनं होते. १९६७ ते १९७९ या काळात जगभरच्या मोहिमेला सुमारे ३० कोटी डॉलर लागले, त्यातला दोनतृतीयांश भार देवीग्रस्त देशांनी स्वतः उचलला. लसीचा इतिहासही आपल्याकडे जुना आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली, ती उपखंडातली पहिली यशस्वी टोचणी.

मग बाहेरच्या संघटनेची गरज कुठं पडली? भारतानं राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू केला. धोरण सरळ होतं: निदान ८० टक्के लोकांना टोचायचं. कोट्यवधी लोकांना टोचलंही. तरी बारा वर्षांनी, १९७४ मध्ये, देशात १ लाख ८८ हजार रुग्ण आणि ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी जगात नोंदलेल्या दर शंभर देवीरुग्णांतले ८६ भारतातले होते. यातली काही वाढ शोध नीट सुरू झाल्यामुळे दिसलेली होती, पण साथही खरोखरच मोठी होती.

चूक टोचणाऱ्यांच्या मेहनतीत नव्हती, मोजण्याच्या पद्धतीत होती. महिन्याचा आकडा पुरा करायचा तर शाळा सोयीची, मुलं एका जागी सापडतात. त्यामुळे तीच मुलं पुन्हा पुन्हा टोचली जात. नवजात बाळं, वीटभट्टीवरचे मजूर, कामासाठी गाव सोडून हिंडणारी कुटुंबं आणि अंधार पडल्यावर घरी येणारे शेतमजूर सुटून जात. कागदावर ८० टक्के पूर्ण व्हायचे, पण उरलेले २० टक्के जिल्हाभर सारखे पसरलेले नसत. ते ठरावीक वस्त्यांत एकवटलेले असत, आणि रोगाला तेवढं पुरे होतं. दुसरी अडचण याहून वाईट. जास्त रुग्ण कळवणाऱ्या अधिकाऱ्याला वरून बोलणी बसत, म्हणून रुग्ण कळवलेच जात नसत.

संघटनेनं इथं मोजायची गोष्टच बदलली. ‘किती टोचले’ हा प्रश्न मागे गेला. ‘रुग्ण कुठं आहेत, त्यांना कुणाकडून लागण झाली आणि ते कुणाला भेटले’ हा पुढे आला. ही पद्धत पूर्व नायजेरियात डिसेंबर १९६६ मध्ये लसीच्या तुटवड्यामुळे सापडली होती. विल्यम फेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांना टोचण्याऐवजी रुग्ण शोधून त्यांच्याभोवतीच टोचलं आणि साथ थांबली. एका देशात सापडलेली युक्ती दुसऱ्या देशातल्या तालुक्यापर्यंत, तिथल्या भाषेतल्या सूचना आणि नमुन्यांसकट पोचवणं हे कुठल्याही एका देशाच्या आरोग्यखात्याचं काम नसतं. फेगी पुढे संघटनेतर्फे भारतात आले. संघटनेच्या दिल्लीतल्या प्रादेशिक कार्यालयातून निकोल ग्रासे यांनी आणि केंद्र सरकारकडून एम. आय. डी. शर्मा, महेंद्र दत्ता अशा डॉक्टरांनी मिळून मोहीम आखली. एकाच टेबलावर बसून केलेलं हे काम आहे, त्याची दोन पक्षांत वाटणी करता येत नाही.

१९७३ च्या शरद ऋतूत उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेश या चार राज्यांवर जोर दिला गेला. महिन्यातला एक आठवडा शोधासाठी राखून ठेवला. कार्यकर्त्याच्या हातात देवी आलेल्या बाळाचं रंगीत चित्र असलेलं कार्ड. ते दाखवून शाळेत, बाजारात, चहाच्या टपरीवर आणि मग घरोघर विचारायचं: असं कुणाला झालंय का? पहिल्या शोधात उत्तर प्रदेश आणि बिहार मिळून सुमारे दहा हजार रुग्ण सापडले, जिथं एरवी आठवड्याला काही शेच कळवले जात होते. बातमी देणाऱ्याला बक्षीस होतं. ते वाढत गेलं आणि १९७५ मध्ये हजार रुपयांवर पोचलं, म्हणजे रोग कमी होत गेला तसं एकेका रुग्णाचं मोल वाढत गेलं.

रुग्ण सापडल्यावर काय करायचं, तेही ठरलेलं होतं. रुग्ण घरातच राहील. दारावर पहारेकरी, पाळ्या लावून दिवसरात्र. घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी टोचायचं. मग घरातली सगळी माणसं, मग शेजारची घरं, मग पूर्ण गाव. टोचण्याची वेळ पहाटेची किंवा रात्रीची, कारण शेतावर गेलेले तेव्हाच भेटतात. गावातल्या माणसांची नावनिशीवार यादी करून सुटलेल्यांना पुन्हा गाठायचं. रुग्ण आदल्या दोन-तीन आठवड्यांत कुठं गेला होता, कुठल्या लग्नाला, कुठल्या कारखान्यात, हे लिहून त्या जिल्ह्याला कळवायचं. सगळी गंमत वेळेच्या हिशेबात आहे. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण बारा दिवस जातात, आणि लागणीनंतर तीन-चार दिवसांच्या आत टोचलं तरी लस रोग अडवते किंवा सौम्य करते. रुग्णाच्या घरच्यांना वाचवण्याची खिडकी एवढीच. म्हणून पथकाला जीप आणि पेट्रोल आजच्या आज लागायचं. राज्याच्या कोषागारातून मंजुरी यायला आठवडे लागत, तिथं संघटनेच्या माणसांकडची हातातली रोख रक्कम पहारेकऱ्यांची मजुरी जागच्या जागी भागवायची. साथ नियंत्रणाच्या इतिहासात ही गोष्ट दोन ओळींत उरकली जाते, पण अनेक गावांत तिच्यावरच सगळं अडलेलं होतं.

‘कुणाकडून लागण’ या प्रश्नानं १९७४ मध्ये एक मोठा उगम उघड केला. वेगवेगळ्या राज्यांतल्या साथींचे धागे जमशेदपूरकडे जात होते. टाटानगर स्थानकातून माणसं रोग घेऊन गावी परतत होती. एकट्या राज्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या नोंदवहीत फक्त आपल्या हद्दीतले रुग्ण असतात. टाटा उद्योगसमूहानं त्यानंतर वाहनं, माणसं आणि पैसा मोहिमेला दिला.

या मोहिमेची काळी बाजूही सांगायला हवी. बिहारसारख्या ठिकाणी काही पथकांनी नकार देणाऱ्यांना धरून, दारं तोडून टोचलं. त्यात परदेशी होते आणि भारतीयही. देवी गेली म्हणून ते योग्य ठरत नाही.

भारतातला शेवटचा रुग्ण २४ मे १९७५ ला आसामातल्या करीमगंज इथं सापडला, आणि लागण बांगलादेशातून आलेली होती. स्वतःपुरता रोग घालवून भागलं असतं का, याचं उत्तर त्या एका नोंदीत आहे. त्यानंतर दोन वर्षं शोध चालू ठेवून, ताप आणि पुरळ असलेल्यांचे नमुने तपासून, आंतरराष्ट्रीय आयोगानं एप्रिल १९७७ मध्ये भारताला देवीमुक्त ठरवलं. आपणच आपल्याला दिलेला दाखला शेजारी मानत नाहीत. देवीमुक्तीचा दाखला सगळीकडे मानला जाईपर्यंत परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला देवीच्या टोचणीचा दाखला खिशात ठेवावा लागत होता.

‘संघटना नुसते कागद रंगवते’

रंगवते. आणि त्यातला एक कागद लसीच्या ताकदीचा आहे, तो नीट पाहू.

जुनी द्रवरूप लस उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत निकामी व्हायची. टोचणारा मन लावून टोचायचा, पण कुपीतला विषाणू मेलेला असायचा. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियर यांनी १९५० च्या दशकात गोठवून वाळवलेली लस बनवण्याची भरवशाची रीत काढली. पण १९६७ मध्ये संघटनेनं वापरातल्या लसी तपासायला घेतल्या, तेव्हा बहुतेक नमुने कसोटीला उतरले नाहीत. कसोटी अशी होती: ३७ अंश सेल्सियसला चार आठवडे ठेवल्यावरही दर मिलिलिटरमध्ये १० कोटी जिवंत विषाणू एकक राहिले पाहिजेत. टोरांटो आणि नेदरलँड्समधलं बिल्टहोवन इथल्या दोन प्रयोगशाळांना तपासणीचं काम दिलं गेलं. लस सोव्हिएत संघानं दिलेली असो, बेळगावच्या लस संस्थेत बनलेली असो किंवा गिंडी, हैदराबाद, पटवाडांगरची असो, मोजपट्टी एकच. मोफत लस देणाऱ्या महासत्तेला ‘तुमच्या लसीचा हा गट कमी ताकदीचा आहे’ असं सांगणं एखाद्या देशाच्या आरोग्य अधिकाऱ्याला जड गेलं असतं. सर्वांच्या मालकीच्या संघटनेला ते सांगता आलं.

सुईचंही तसंच. आधी वापरात असलेलं फिरकीचं यंत्र जखम करायचं आणि लस फार खायचं. बेंजामिन रुबिन यांची दुभंगलेल्या टोकाची सुई आली. तिच्या दोन टोकांमध्ये एका माणसाला पुरेल एवढाच थेंब अडकतो. २५ जणांची कुपी १०० जणांना पुरू लागली. टोचण्याची रीत अर्ध्या तासात शिकवता येई: कातडीला काटकोनात सुई धरायची, पाच मिलिमीटरच्या वर्तुळात १५ भराभर टोचे मारायचे, पंधरा-वीस सेकंदांत रक्ताचा बारीक ठिपका दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर टोचे हलके पडले. स्पिरिटनं कातडी पुसायची नाही, कारण स्पिरिट लसीतला विषाणूच मारतं. हा चुकीचा स्वच्छतेचा सोस अनेक टोचण्या वाया घालवायचा. विरघळवलेली कुपी उन्हात ठेवायची नाही, संध्याकाळी उरलेली फेकायची, सुया वीस मिनिटं उकळायच्या. आणि सहा ते आठ दिवसांनी परत जाऊन फोड आला का ते पाहायचं. फोड नाही तर लस लागली नाही, पुन्हा टोचा. (ओघात: १९८० नंतर जन्मलेल्यांच्या दंडावर जो वण दिसतो तो देवीच्या टोचणीचा नाही, बीसीजीचा आहे.)

आजचा कागद पोलिओचा घ्या. १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की त्याच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे, त्यांत निदान २४ तासांचं अंतर, दोन्ही लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांत, प्रत्येकी सुमारे ८ ग्रॅम, बर्फात ठेवून तीन दिवसांत प्रयोगशाळेत. मुंबईत परळची आंत्रविषाणू प्रयोगशाळा हे काम वर्षानुवर्षं करते आहे. यातला सगळ्यात हुशारीचा नियम वेगळाच आहे. पोलिओ नसलेल्या प्रदेशातही इतर कारणांनी मुलं लुळी पडतातच. भारतात दर लाख मुलांमागे वर्षाला निदान दोन अशी प्रकरणं कळवली गेलीच पाहिजेत असं ठरलं. एखाद्या जिल्ह्यानं ‘शून्य’ कळवलं तर शाबासकी नाही, तपासणी पथक जातं. तिथं रोग नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. तिथं बघणारंच कुणी नसावं, असा संशय मात्र येतो. १९६० च्या दशकात रुग्ण लपवण्यामुळे जे नुकसान झालं, त्यातून हा नियम आला असं आम्हाला वाटतं. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण नाही, आणि मार्च २०१४ मध्ये मिळालेल्या दाखल्यावर कुणी शंका घेतली नाही, ती या मोजमापामुळे.

‘स्वच्छता वाढली की रोग आपोआप जातात’

पटकी, विषमज्वर, हगवण यांच्याबाबतीत स्वच्छ पाणी हाच मोठा इलाज, यात वाद नाही. पण देवी समोरासमोरच्या श्वासातून, थुंकीतून आणि रुग्णाच्या कपड्यांतून पसरायची. नळ आणि गटार तिला आडवं येत नव्हतं. आणि तारखा पाहा. मे १९७४ मध्ये बिहारमध्ये साथीचा कळस होता, मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला. या एका वर्षात बिहारच्या गावांत कुठली नळयोजना आली? कुठली संडासं बांधली गेली? बदललं ते एवढंच, की रुग्ण सापडायला लागले आणि त्यांच्याभोवती वेळेत टोचणी झाली.

‘संघटना लॉकडाऊन आणि लससक्ती लादणार’

हे साफ खोटं आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं महासाथ करार स्वीकारला. त्यातच स्पष्ट लिहिलं आहे की संघटनेच्या सचिवालयाला किंवा महासंचालकांना कुठल्याही देशाचे कायदे बदलण्याचा, प्रवासबंदी, लससक्ती किंवा लॉकडाऊन लादण्याचा अधिकार नाही. शिवाय करार लागू व्हायला ६० देशांची मान्यता लागते.

मार्च २०२० चा आपला लॉकडाऊन दिल्लीतून, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आला. राज्यांनी वापरला तो १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबईच्या प्लेगमुळेच झाला होता. दोन्ही कायदे आपले.

खरी अडचण उलट बाजूला आहे. संघटनेच्या हातात बळ नाही. २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार १९६ देशांनी धोकादायक घटनेचं मूल्यमापन झाल्यापासून २४ तासांत कळवायचं असतं. नाही कळवलं तर दंड नाही, जप्ती नाही. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हा प्रवासावर बंदी नको असा सल्ला संघटनेनं दिला होता. तरी देशांनी भारताची विमानं थांबवली, माल अडवला. तिला ते रोखता आलं नाही.

आणि ती चुकते, गंभीरपणे चुकते. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाची खात्री मार्च २०१४ मध्ये झाली, आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर व्हायला ८ ऑगस्ट उजाडला. मार्च २०२० मध्ये कोविड हवेतून पसरत नाही असं तिनं ठासून सांगितलं. ते चूक होतं आणि ती दुरुस्त करायला तिनं फार वेळ लावला. बंद खोल्यांत खिडक्या उघडण्याऐवजी टेबलं पुसण्यावर लोकांचा वेळ गेला. टीका करायचीच तर इथं करावी. ती टीका खरी आहे आणि तिनं काही सुधारेलही.

‘सगळा पैसा श्रीमंतांचा, म्हणून शब्द विकाऊ’

‘सगळा’ हे खोटं. पण देशांची ठरावीक वर्गणी बरीच वर्षं एकूण अंदाजपत्रकाच्या पाचव्या भागाहूनही कमी राहिली होती, आणि उरलेला बहुतेक पैसा देणाऱ्यानं आधीच ठरवलेल्या कामालाच वापरता येतो, हे खरं आहे. त्यात सरकारंही आहेत आणि खासगी प्रतिष्ठानंही. परिणाम असा की पोलिओला पैसा मिळतो आणि कमी झळकणाऱ्या कामाला मिळत नाही. हे ओळखून २०२२ मध्ये सदस्य देशांनी वर्गणीचा वाटा २०३०-३१ पर्यंत मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यावर नेण्याचं ठरवलं. ज्यांना संघटनेवर श्रीमंतांचा पगडा नको आहे, त्यांनी आपल्या सरकारनं वर्गणी वाढवावी असं म्हणायला हवं. फॉरवर्ड मात्र उलट सांगतो.

शिवाय श्रीमंतांच्या सोयीचाच शब्द असता तर पुण्याची मेंदूज्वराची लस झालीच नसती. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या ‘ए’ प्रकारानं दर काही वर्षांनी हजारो माणसं मरायची. मोठ्या कंपन्यांना त्या बाजारात नफा दिसेना. संघटना आणि पाथ या संस्थेनं मिळून प्रकल्प आखला, आफ्रिकी देशांनी परवडणारी किंमत सांगितली, आणि सीरम इन्स्टिट्यूटनं अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत लस बनवली. जून २०१० मध्ये संघटनेनं तिला पूर्वमान्यता दिली, डिसेंबरमध्ये बुर्किना फासोत टोचणी सुरू झाली. पूर्वमान्यता म्हणजे कारखान्याची प्रत्यक्ष तपासणी आणि नमुन्यांची चाचणी. ती नसेल तर युनिसेफ लस विकत घेत नाही. ३० कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ प्रकाराचा पुष्टी झालेला रुग्ण नोंदला गेलेला नाही.

पैसा थांबला तर काय होतं, तेही आता दिसतं आहे. गोवर आणि रुबेलाचे नमुने तपासणाऱ्या जगभरातल्या सातशेहून अधिक प्रयोगशाळांचं जाळं अमेरिकेच्या निधीवर उभं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली. पुरळ आलेलं मूल गोवराचं की रुबेलाचं हे डोळ्यांनी ठरत नाही, रक्ताचा नमुना लागतो. विषाणू गावातलाच की बाहेरून आलेला हे ठरवायला त्याचा जनुकीय प्रकार पाहावा लागतो. ही तपासणी थांबली तर तालुक्याच्या नोंदवहीत ‘ताप आणि पुरळ’ एवढंच उरेल.